दोन वर्षांपुरती गाडी

लीलाधर सरांनी लाल गाडीच्या बॉनेटवर एक बोट टेकवलं, डोळ्यांसमोर धरून पाहिलं आणि रुमालाला पुसलं. बोटाला काहीच लागलं नव्हतं. तरी त्यांनी ते दोनदा पुसलं.

"हीच घे," ते मुलीला म्हणाले. "त्या पांढरीकडे बघायचीसुद्धा गरज नाही."

धुळ्याच्या साक्री रोडवर पत्र्याच्या शेडखाली जुन्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या. प्रत्येकीच्या काचेवर पांढऱ्या रंगानं साल आणि किंमत लिहिलेली. एका काचेवर 'पेट्रॉल' असं लिहिलं होतं, ते सरांनी आल्या आल्या टिपलं होतं. एवढा शब्द ज्यांना धड लिहिता येत नाही, त्यांच्याकडून गाडी घ्यायची! पण जळगावात पस्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेल्या बापाला विचारतंय कोण? त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. फोनवर कळलं, तसे ते सकाळच्या बसनं आपणहून आले होते.

रत्ना पांढऱ्या गाडीखाली वाकून पाहत होती. चार वर्षांपासून ती पिंपळनेरच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होती. सरांच्या लेखी डॉक्टर म्हणजे माणसांचा. मुलीबद्दल कुणी विचारलंच तर ते 'शासकीय सेवेत आहे' एवढंच सांगत. गाडी पाहायला तिनं पिंपळनेरहून सत्तार नावाचा मेकॅनिक सोबत आणला होता. त्याच्या नखांत काळं तेल होतं आणि चपलेचे दोन पट्टे दोन रंगांचे.

"मिस्त्री, शिक्षण किती तुमचं?" सरांनी ओळख होताच विचारलं होतं.

"सातवी, सर."

"दिसतंय."

सत्तार मनापासून हसला होता. अपमान कळण्याइतकीही अक्कल नाही, म्हणून सरांच्या नजरेतून तो आणखी एक पायरी उतरला.

"सर बरोबर बोलताहेत मॅडम," गाड्यांचा दलाल स्वप्नील पुढे झाला. "लाल गाडी डॉक्टरांची. अठ्ठावीस हजार किलोमीटर फक्त. पांढरी बियाण्याच्या कंपनीच्या एजंटची, चौऱ्याण्णव हजार पळालेली."

"ऐकलंस?" सर म्हणाले. "अठ्ठावीस आणि चौऱ्याण्णव. हे गणित तरी येतं ना?"

सत्तारनं लाल गाडीचं दार उघडलं आणि खाली बसून मोबाईलचा उजेड आत मारला.

"सर, हे ब्रेकचं पेडल बघा. रबर पार गुळगुळीत झालंय, कडेला लोखंड दिसतंय. अठ्ठावीस हजारात एवढं झिजत नाही. मीटर मागं फिरवलंय."

स्वप्नीलला एकदम कुणाला तरी फोन करायचं आठवलं. तो दोन गाड्या ओलांडून पलीकडे गेला.

"घर्षण वापरणाऱ्यावर अवलंबून असतं," सर म्हणाले. "डॉक्टरांचे बूट कडक असतील."

रत्नानं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. ती नजर सरांच्या ओळखीची होती. चुकीचं उत्तर देऊन उभ्या राहिलेल्या पोराकडे ते वर्गात असंच पाहायचे, खडू हातात तसाच धरून.

सत्तारनं पांढरी गाडी सुरू केली, शेडला दोन फेऱ्या मारल्या, उतरून बॉनेटला कान लावला.

"कशी शे?" रत्नानं विचारलं.

"इंजन चांगलं शे, डॉक्टरबाई."

सरांच्या कपाळावर आठी चढली. घरात 'आहे'ऐवजी अहिराणी 'शे' म्हटल्याबद्दल त्यांनी तिला लहानपणी पट्टीनं मारलं होतं. आता ती एका गॅरेजवाल्याशी भर रस्त्यावर, न अडखळता, तेच बोलत होती.

"रत्ना, हे बघ," त्यांनी आवाज खाली आणला, "प्रश्न दोनच वर्षांचा आहे. झेडपीत माझा विद्यार्थी आहे, तुझी बदली जळगावला करून देतो म्हणालाय. फैजपूरच्या स्थळाची माणसंही थांबायला तयार आहेत. तुझं आधीचं लग्न मोडलंय हे माहीत असून तयार आहेत. दोन वर्षांनी गाडी विकायला काढशील, तेव्हा लोक आकडा बघतील. पेडल कुणी बघत नाही."

रत्ना त्यांच्या बाजूनं जाऊन सत्तारजवळ उभी राहिली.

"सत्तारभाऊ, दहा वरीस चाली का ही?"

"दहा काय, पंधरा बी चाली. तेल तेवढं येळवर बदला. पार्ट बठ्ठा साक्रीमाच भेटतस."

"दहा वर्षं कशाला?" सर म्हणाले.

"हीच घेते," रत्ना स्वप्नीलला म्हणाली. "कागद काढा."

शेडच्या कोपऱ्यात काचेचं ऑफिस होतं. रत्ना फॉर्म भरायला बसली. सर तिच्या खांद्यामागे उभे राहिले. कुणी लिहायला लागलं की चूक शोधायला मागे उभं राहायचं, ही जुनी सवय. तिनं स्वतःचं नाव लिहिलं. वडिलांचं नाव लिहिलं, 'ली' दीर्घ. मग 'कायमचा पत्ता' असं छापलेल्या चौकटीत तिचं पेन गेलं. सरांना जळगावच्या घराचा प्लॉट नंबर अपेक्षित होता. तिनं लिहिलं: घर नंबर ११४, सामोडे रस्ता, पिंपळनेर, ता. साक्री, जि. धुळे.

"हे कुणाचं घर?"

"माझं."

"तू तर क्वार्टरमध्ये राहतेस."

"राहत होते. आखाजीला वास्तुशांत केली, नाना."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. त्या दिवशी जळगावच्या घरी झाडाला झोका बांधला होता, आणि रत्नाचा फोन आला होता.

"आखाजीला तुला ड्युटी होती."

"तसं सांगितलं होतं."

दाराशी उभा असलेला सत्तार रस्त्याकडे पाहू लागला. त्याला हे घर माहीत होतं, हे त्याच्या पाठीवरूनही कळत होतं. स्वप्नीलनं शिक्क्याचं झाकण काढलं आणि पुन्हा बसवलं.

सरांनी फॉर्म स्वतःकडे ओढला. नाव वाचलं, पत्ता वाचला. र्‍हस्व-दीर्घाची एकही चूक नव्हती. त्यांनी तो परत तिच्यापुढे सरकवला.

"पिनकोड राहिला," ते म्हणाले.

रत्नानं कुठेही न थांबता सहा आकडे लिहिले. सरांनी चष्मा नाकावर नीट बसवला, ते वाकले, आणि ओठ हलवत ते आकडे एकदा वाचले. मग पुन्हा एकदा.