सगळं ठीक सांगणारा डबा

मी बोलतोय, पण हा आवाज माझा नाही. तो फर्डिनंडचा आहे. माझा स्वतःचा आवाज म्हणाल तर एक बारीक ‘टीं’, कधी आखूड, कधी लांब. बाकी काही नाही.

मी एक कीअर आहे. हौशी रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हॅम लोकांच्या टेबलावर, वायरलेस सेटच्या शेजारी बसणारा छोटा डबा. माझ्यात दोन कामं एकत्र केली आहेत. माझ्या पॅडलच्या दोन पट्ट्या दाबल्या की मी मोर्सची टिंबं आणि रेघा नेमक्या मापात काढतो. माझं बटण दाबलं की आधी भरून ठेवलेला माणसाचा आवाज सेटमध्ये सोडतो. तीच ती वाक्यं पुन्हा पुन्हा बोलून घसा दुखू नये म्हणून हॅम लोक अशी यंत्रं करतात. माझ्या वेळी कारण घशाचंच होतं, पण दुखण्याच्या पलीकडचं.

मला जितेंद्रने बनवलं. तो सातिवलीच्या एका युनिटमध्ये इलेक्ट्रिक पॅनेलची जोडणी करतो आणि नायगावला खाडीकडे तोंड असलेल्या इमारतीत राहतो. माझं शरीर म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. प्लास्टिकचा चालला नसता, कारण सेटच्या लहरी आत शिरल्या की चिप गोंधळते. पत्रा असूनही मी पहिल्या चाचणीत गोंधळलोच. सेट चालू होताच कुणी न दाबता टिंबं ओकायला लागलो. जितेंद्र चिडला नाही. त्याने प्रत्येक वायरीला एक कपॅसिटर लावला, सेटकडे जाणारी वायर फेराइटच्या कड्यातून दोनदा फिरवली, आणि मी गप्प झालो.

पॅडल त्याने लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याचं केलं आणि बोट टेकायला शर्टाची बटणं चिकटवली. मग प्रोग्रॅममध्ये एक सोय घातली. आवाज चालू असताना पॅडलला बोट लागलं की आवाज तिथल्या तिथे थांबायचा. चुकीचं बटण दाबलं गेलं तर लोकांना शेवटपर्यंत ऐकत बसायला लागू नये, एवढाच त्याचा हेतू.

मग तो मला घेऊन निर्मळला गेला.

फर्डिनंड निवृत्त शिक्षक. नारळ, केळी आणि मधोमध बावखल असलेल्या वाडीत त्याचं घर. बावखल म्हणजे आमच्या वसईकडचं वाडीतलं तळं, झाडांना पाणी देण्यासाठी पूर्वजांनी खणलेलं. गावात कुणाचंही लग्न असलं की माइक फर्डिनंडच्या हातात, आणि मैदानावर फुटबॉलचा सामना असला की समालोचन त्याचंच. मोर्स शिकायला तो कधी तयार झाला नाही. “देवाने जीभ दिल्यावर टिचक्या कशाला मारायच्या?” असं तो जितेंद्रला म्हणायचा. आता डॉक्टरांनी सांगितलं होतं की गाठ स्वरयंत्रात आहे, आणि स्वरयंत्र काढावं लागेल.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मला त्याच्या पुढ्यात ठेवलं. माझ्या चिपमध्ये तीन बटणांपुरत्या छोट्या बोलण्याची जागा होती.

“बोला अंकल,” जितेंद्र म्हणाला. “लाल दिवा लागला की सुरू.”

लाल दिवा लागला. फर्डिनंड गप्प. दिवा विझला. पुन्हा लागला, पुन्हा तेच.

“नव्वद मिनिटांच्या सामन्यात श्वास घेत नव्हतास,” दारातून अँजेलिना म्हणाली. ही त्याची बायको. “आता तीन वाक्यं सुचेनात?”

“तू आत जा. तू समोर असलीस की मला बोलायची सवयच नाही.”

जितेंद्र हसला, तीही हसली, आणि त्या हसण्यातच फर्डिनंडने तिन्ही बटणं भरून टाकली. पहिलं बटण: “सुप्रभात मंडळी. मी फर्डिनंड, निर्मळहून. आमच्याकडे सगळं ठीक. अँजेलिनाने चहा ठेवलाय, यायचं तर या.” दुसरं बटण: “तुमचा आवाज एकदम स्वच्छ येतोय, घरात बसल्यासारखा.” तिसरं बटण: “बरं मंडळी, निरोप घेतो. सेव्हन्टी थ्री.” हॅम लोक निरोप घेताना शुभेच्छा म्हणून हा आकडा सांगतात.

वाईट दिवसासाठी एखादं वाक्य ठेवावं, हे तिघांपैकी कुणालाच सुचलं नाही. आवाज जाणार या भीतीने खोली भरलेली असताना त्यांनी मला फक्त चांगल्या गोष्टी शिकवल्या.

शस्त्रक्रिया झाली. फर्डिनंड गळ्याला भोक आणि त्यावर पांढरी जाळी घेऊन घरी आला. आता श्वास त्या भोकातून यायचा आणि तोंडातून शब्द फुटायचा नाही. तो चर्चला जाईनासा झाला. सगळे गात असताना नुसतं उभं राहणं त्याला जमेना. पण रविवारी सकाळी तो सेटपुढे बसायचाच. त्या वेळी आसपासच्या हॅम लोकांचं ‘नेट’ असतं. सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर येतात आणि जितेंद्र नायगावहून एकेकाची हजेरी घेतो. फर्डिनंडचं नाव आलं की तो माझं पहिलं बटण दाबायचा. माणसं सांगायची, “अंकल, अगदी पूर्वीसारखे वाटता.” तो मान हलवायचा. मान हललेली त्यांना कुठे दिसणार?

पॅडलला बोट लावलं की आवाज थांबतो हे जितेंद्रने त्याला दाखवलं होतं, पण पॅडलला त्याने हात लावला नाही. पट्ट्यांवर धूळ बसली.

आणि मग मे महिन्यातला तो रविवार आला. रात्रभर वारा झाला होता. वीज गेली होती आणि मोबाइलचे टॉवरही बंद पडले होते. आमचा सेट मात्र गाडीच्या जुन्या बॅटरीवर चालतो. गल्लीतले सगळे मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेला गेले होते. फर्डिनंड सेट लावून बसला होता आणि अँजेलिना पडलेले नारळ गोळा करायला वाडीत गेली होती.

खिडकीतून आधी लाकूड मोडल्याचा आवाज आला. मग तिचा.

तो धावला. बाहेर काय झालं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. बावखलाच्या काठच्या जांभळाची एक जाड फांदी रात्री अर्धी मोडून लटकत होती. ती अँजेलिनाच्या पायांवर पडली आणि तिला उतारावरून पाण्यात घेऊन गेली. कंबरेखाली फांदी, छातीपर्यंत पाणी, खाली गाळ. ती एका मुळाला धरून होती आणि हलली की आणखी खाली सरकत होती. फर्डिनंडने फांदी उचलून पाहिली. हलली नाही. गल्लीकडे तोंड करून हाक मारायची तर हाकच नव्हती. तिने मानेनेच त्याला घराकडे जायची खूण केली, आणि तो तिला तिथे सोडून माझ्याकडे आला.

कोपरापर्यंत चिखल. माझ्या पहिल्या बटणावर त्याचं ओलं बोट पडलं. मला जे भरलेलं तेच मी म्हणालो. “सुप्रभात मंडळी. मी फर्डिनंड, निर्मळहून. आमच्याकडे सगळं ठीक…”

“सुप्रभात अंकल,” जितेंद्रचा आवाज आला. “वाऱ्याने काही नुकसान नाही ना? बरं झालं. डेन्झिल, तू बोल.”

बोट पुन्हा पडलं. पुन्हा सुप्रभात, पुन्हा सगळं ठीक.

“अंकल, ऐकलं हो,” डेन्झिल म्हणाला. हा शेजारच्या आळीतला. मिस्सेला म्हणून घरून निघतो आणि चर्चच्या मागच्या दारात हातातला छोटा सेट कानाला लावून उभा राहतो. “आज आन्टीने चहात काय घातलंय? एकदा बोलावून भागेना.”

दोघंतिघं हसले. फर्डिनंडच्या गळ्याच्या जाळीतून हवा शिट्टीसारखी आत-बाहेर होत होती. त्याने घाईत बटण दाबलं, ते तिसरं निघालं.

“बरं मंडळी, निरोप घेतो. सेव्हन्टी थ्री.”

“ओके अंकल, सेव्हन्टी थ्री, आराम करा,” जितेंद्र म्हणाला आणि पुढच्या स्टेशनला हाक मारली.

सगळ्यांनी त्याला निरोप देऊन टाकला होता. माझ्यात त्याचा आवाज होता, धडधाकट आणि हसरा, आणि त्या आवाजावरच सगळ्यांनी विश्वास ठेवला होता. बाहेरून तिची हाक आली. आधीच्यापेक्षा बारीक.

फर्डिनंडने दोन्ही हात टेबलावर टेकले. एक क्षण तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. मग डाव्या हाताने पहिलं बटण दाबलं आणि उजव्या हाताचं बोट पॅडलजवळ धरलं.

“सुप्रभात मंडळी. मी फर्डिनंड, निर्मळहून. आमच्याकडे सगळं ठीक. अँजेलिना—”

बोट पॅडलवर. मी थांबलो.

“अंकल, तुमचा डबा बिघडला वाटतं,” कुणीतरी म्हणालं. “जितेंद्र, रिपेअरचं काम आलं रे.”

पुन्हा बटण. सुप्रभात. सगळं ठीक. अँजेलिना. बोट. ते सुरुवातीचे शब्द मला गिळता आले असते तर मी गिळले असते. पण मला सुरुवातीपासूनच बोलता येतं, मधूनच नाही. त्या प्रत्येक ‘सगळं ठीक’ला ती पाण्यात होती.

तिसऱ्यांदा. अँजेलिना. बोट.

यावेळी कुणी हसलं नाही. जितेंद्रचा आवाज आला तो बदललेला.

“सगळे थांबा. कुणी बोलू नका. तो डबा मी केलाय. पॅडलला बोट लागल्याशिवाय तो मधेच थांबत नाही, आणि हा तीनदा एकाच जागी थांबलाय. अंकल, मी विचारतो. हो असेल तर एक टिंब, नाही असेल तर दोन. आन्टीला काही झालंय?”

धूळ बसलेल्या पट्टीवर बोट टेकलं. टीं.

“घरात?”

टीं. टीं.

“वाडीत? पडल्या?”

टीं.

“विहीर?” दोन. “बावखल?”

एक टिंब. मग त्याचं बोट पट्टीवरून उठेचना, आणि मी टिंबांमागून टिंबं काढत राहिलो. हो, हो, हो, हो.

“डेन्झिल, कुठे आहेस?”

“चर्चच्या मागे. आत प्रवचन चाललंय.”

“चालू दे. मागच्या बाकांवरची माणसं उचल आणि सोबत दोर घे. अंकल, तुम्ही आन्टीकडे जा. फ्रिक्वेन्सी मी मोकळी ठेवतो. जा.”

खुर्ची पडली. तो गेला.

नंतर सेटमधून नुसती खरखर. एरवी कुणी ना कुणी मधेच बोलतं. त्या दिवशी सगळी माणसं आपापल्या घरी सेटपुढे बसून होती आणि कुणी तोंड उघडलं नाही. खिडकीतूनही तिचा आवाज येईना. मी पत्र्याचा डबा, मला वाट बघण्याखेरीज काही येत नाही, आणि वाट बघणंही मी त्याच दिवशी शिकलो.

मग मोटरसायकली. पळणारी पावलं. “दोर इकडून घे. अंकल, तुम्ही तिचं डोकं धरा, सोडू नका. एक, दोन, उचल.” पाणी उसळल्याचा आवाज. कुणीतरी “देवा रे” म्हणालं. पुन्हा, “उचल.”

सेट खरखरला. डेन्झिल होता, धापा टाकत.

“जितू, आन्टीला बाहेर काढलं. पाय मोडलाय. श्वास चालू आहे आणि मला शिव्या देतेय, नारळ चिखलात तुडवला म्हणून.”



अँजेलिनाच्या मोडलेल्या पायात ऑपरेशन करून सळई बसवली. ती घरी आल्यावर जितेंद्र आला आणि त्याने मला उघडलं. मदतीचं वाक्य भरायचं होतं, पण तिन्ही जागा भरलेल्या. “मोठी चिप मागवतो,” तो म्हणाला. “थोडे दिवस थांबा.”

फर्डिनंडने नकारार्थी मान हलवली. आता एक दिवससुद्धा थांबायचं नव्हतं. त्याने बोट तिसऱ्या बटणावर ठेवलं.

“ते नको,” खाटेवरून अँजेलिना म्हणाली. “तुझा आवाज आहे त्यात. परत कुठून आणणार?”

त्याने लिहून बोलायची पाटी ओढली, खडूने लिहिलं आणि तिच्यापुढे धरली: ‘निरोपाची घाई नाही.’

लाल दिवा लागला. पहिल्या वेळी ती इतकं हळू बोलली की जितेंद्र म्हणाला, “आन्टी, मदत मागताय, साखर नाही.” दुसऱ्या वेळी ती नीट बोलली: “मदत हवी आहे. फर्डिनंडच्या घरी लगेच या.” त्याचा निरोप माझ्यातून कायमचा पुसला गेला. तो पुन्हा मिळणार नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

आता माझं वय होत चाललंय. पत्र्याला कोपऱ्यात गंज धरलाय आणि पहिलं बटण जरा अडकतं. तुमच्यातलं कुणी माझ्यासारखा डबा करत असेल, तर एवढंच मागणं आहे: कुणाचा आवाज आमच्यात ठेवाल तेव्हा त्याच्या वाईट दिवसासाठीही जागा ठेवा. आम्हाला फक्त सुप्रभात शिकवू नका. आम्ही ते कुठल्याही वेळी म्हणतो.

रविवारी नेट संपताना फर्डिनंडपाशी निरोपाचं बटण नसतं. म्हणून तो पॅडलवर बोटं ठेवतो आणि स्वतःच्या हाताने मोर्समध्ये सात आणि तीन काढतो. वेडेवाकडे. मधेच अडखळतो, पहिल्यापासून सुरू करतो. पोहचायला वेळ लागतो. जितेंद्र सेट बंद करत नाही, डेन्झिल करत नाही, कुणीच करत नाही. शेवटची रेघ येईपर्यंत सगळे थांबतात.