चष्मेवाल्याची बिट्टी

चष्मेवाल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या बिट्टीच्या वहीतल्या चिठ्ठीने. शाळेतल्या बाईंनी दोनच ओळी लिहिल्या होत्या. मुलगी फळ्यावरचं उतरवून घेत नाही. एकदा डोळे तपासून घ्यावेत.

डोळे! आणि तेही बिट्टीचे! वीस वर्षं झाली, आसपासच्या निम्म्या नाकांवर या माणसाने चष्मे चढवले होते. बायको मागच्या खोलीत काचा घासायची, हा पुढे डोळे तपासायचा, आणि साडेसहा वर्षांची बिट्टी शाळा सुटली की दुकानातच लुडबुडायची. तिच्या नजरेची तर तो गिऱ्हाइकांपुढे फुशारकी मारायचा. नजर तेज आणि पोरगी पक्की नाटकी, असं त्याचं ठाम मत होतं. एकदा तिने खुंटीवरच्या कोटाला मामा समजून चांगली पाच मिनिटं शाळेतल्या गमती सांगितल्या होत्या. रस्त्यापलीकडच्या काळ्या पिशवीला तर ती "माऊ, ये ये" करत बिस्किट दाखवायची. हे किस्से तो साभिनय सांगायचा आणि गिऱ्हाईक पोट धरून हसायचं.

बायको एकदोनदा म्हणाली होती, "अहो, एकदा बघून तरी घ्या ना." मग काय, त्याने बिट्टीला लगेच खुर्चीवर बसवलं, आणि तिने भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला. अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं 'हा तक्ता ओल्या फडक्याने पुसू नये' हेसुद्धा. विषय संपला.

तेव्हा या चिठ्ठीला त्याने तिथेच, ठसठशीत अक्षरात उत्तर लिहिलं. "मुलीचे डोळे उत्तम. फळा तपासावा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई स्वतःच दुकानात हजर झाल्या. ठेंगणीशी बाई, खांद्याला पिशवी, आवाज अगदी शांत.

"फळा तपासला," त्या म्हणाल्या. "फळा ठीक आहे."

चष्मेवाला नुकताच बाहेरून चहा पिऊन आला होता, त्यामुळे अंगात जोर होता. "बसा बाई. तुमच्या समोरच दाखवतो. एक अक्षर जरी चुकलं, तरी या दुकानाला कुलूप लावतो. बिट्टे, चढ खुर्चीवर!"

बिट्टी चढली. सवयीने तिने डोळा झाकायचा काळा चमचा एका डोळ्यावर धरला. चार वर्षांचा ढब्बू, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, बिस्किट खात शेजारच्या स्टुलावर बसला. चष्मेवाला भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि हातातली छडी त्याने न बघताच मागे टेकवली. कुठली ओळ कुठे आहे हे बघायला त्याला मान वळवावी लागत नसे. शिवाय त्याला बाईंचं तोंड पाहायचं होतं. ते कसं कसं उतरत जातं, ते पुरेपूर पाहायचं होतं.

"ग!" बिट्टी म्हणाली. छडी खाली सरकली. "त, भ! र, प, ल!"

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. मग चष्मेवाल्याकडे. मग पुन्हा भिंतीकडे. त्यांचं तोंड उघडलं, मिटलं, आणि त्यांनी पदर ओठांवर दाबून धरला. आता कसं, असं म्हणत चष्मेवाल्याने मिशीला पीळ दिला.

"हा तक्ता ओल्या फडक्याने पुसू नये!" बिट्टीने शेवट केला.

"बाबा," ढब्बू म्हणाला, "तक्ता कुठाय?"

"गप्प बस. ताई वाचतेय ना?"

"हो, पण काय वाचतेय?"

चष्मेवाल्याने मागे वळून पाहिलं. भिंतीवर एक खिळा होता आणि खिळ्याखाली एक लांबट, जरा कमी मळलेला चौकोन. तक्त्याचा कोपरा फाटला म्हणून, हा चहाला गेलेला असतानाच, बायकोने तो उतरवला होता, डिंक लावून मागच्या खोलीत वाळत ठेवला होता. छडीचं टोक कोऱ्या भिंतीवर टेकलं होतं.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो खुर्चीपाशी उकिडवा बसला.

"बिट्टे, तुला तक्ता दिसत होता?"

"नाही."

"रोज दिसतो?"

"रोज पांढरं दिसतं."

"मग वाचतेस कशी?"

"पाठ केलाय मी! स्टुलावर चढून, नाक लावून." बिट्टीला या प्रश्नांचंच नवल वाटत होतं. "लांबचं कुणाला दिसतं का, बाबा? लांबचं पाठ करायचं असतं. जे पाठ न करता येतात, त्यांना तू चष्मा लावतोस. ते कोपऱ्यावरचे आजोबा दरवर्षी येतात आणि दरवर्षी अडखळतात. मी त्यांना मागून सांगत होते, तर तू मलाच ओरडलास."

बाईंना आता आवरेना. त्या हसून हसून खुर्चीतच वाकल्या.

चष्मेवाल्याला मात्र कोट आठवला. काळी पिशवी आठवली. पोरगी धडपडत होती आणि आपण तिच्या नकला करून दाखवत होतो, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मुकाट्याने गल्ल्याच्या खणातलं कुलूप शोधू लागला.

"कुलूप राहू द्या," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "आधी चष्मा करा."

बायकोने तक्ता उलटा करून कोऱ्या बाजूवर जाड पेनाने नवी अक्षरं लिहिली, खिळ्याला अडकवला, आणि लहान मापाची फ्रेम शोधायला ती मागे गेली. चष्मेवाल्याने तपासणीची जड फ्रेम बिट्टीच्या नाकावर ठेवली, तेव्हा ती रडकुंडीला आली. "पण मी एकसुद्धा चुकले नव्हते!"

"अगं राणी, ही शिक्षा नसते."

"मला काहीच पाठ नाही!" ढब्बू ओरडला. "मला दोन चष्मे!"

काचेवर काच चढत गेली. मायनस एक, दीड, दोन. प्रत्येक वेळी चष्मेवाला भिंतीपाशी जाऊन छडी लावायचा, बिट्टी डोळे बारीक करायची, तो परत यायचा. दोनच्या पुढची काच बसवून तो पुन्हा भिंतीपाशी गेला. आता त्याचे डोळे भरून आले होते, पण ते पुसायची त्याला गरज वाटली नाही. इतक्या लांबून या पोरीला काय दिसणार?

"वाच," तो म्हणाला.

बिट्टी वाचेना. तिने अक्षरांकडे पाहिलं, खिळ्याकडे पाहिलं. मग तिची नजर बाबाच्या तोंडावर येऊन थांबली ती हलेचना. आणि एकदम ती खुर्चीवर उभी राहून, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, आनंदाने किंचाळली,

"आई, लवकर ये! बाबा रडतोय! आणि मला इथून दिसतंय!"