बिनवासाचं आमिष

सासऱ्यांना रविवारी तलावावर घेऊन जायचं, हे नूपुरने सलीलला न विचारताच ठरवून टाकलं.

"बाबा महिनाभरासाठी आलेत. तू दर रविवारी मासे पकडायला जातोस. अलिबागच्या माणसाला तेवढंच बरं वाटेल. यात विचारायचं काय?"

विचारायचं बरंच काही होतं. सलील एका सरकारी तेल कंपनीत अधिकारी होता आणि बदलीवर कोलकात्याला येऊन त्याला तीन वर्षं होत आली होती. आठवडाभर माणसं त्याच्याशी बोलत असत: डेपोवाले, युनियनवाले, मुंबईच्या हेड ऑफिसवाले. बजबजच्या पुढचा तो खाऱ्या पाण्याचा तलाव ही एकच जागा अशी होती की जिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. आणि सासरे, म्हणजे नूपुरचे वडील शरच्चंद्र, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून फक्त झोपेत गप्प असायचे.

शनिवारी संध्याकाळी सलीलने जेवणाच्या टेबलावर पेटी उघडली. कप्प्याकप्प्यांत नकली मासे, म्हणजे ल्यूर, मांडलेले होते. लाकडाचे, प्लॅस्टिकचे, रबरी शेपटीचे. काही पाण्यावर तरंगणारे, काही बुडणारे. शरच्चंद्र चष्मा सारखा करत शेजारी येऊन बसले.

"हे सगळं एका माशासाठी?"

"पाणी कसं असेल त्यावर ठरतं, बाबा. गढूळ असेल तर सोनेरी किंवा गडद रंग. नितळ असेल तर हा चंदेरी. भेटकी तळाशी असेल तर बुडणारा लावायचा."

"भेटकी म्हणजे आपला जिताडाच ना?"

"तोच."

शरच्चंद्रांनी एक सोनेरी मासा उचलला, त्याच्या पोटाखालचा आणि शेपटीचा तिहेरी गळ न्याहाळला आणि मग तो सरळ नाकाशी धरला.

"सलीलराव, याला वास नाही."

"वास लागत नाही. तो पाण्यात हलतो कसा, यावर भेटकी येते."

"आम्ही खाडीवर गरवायला जायचो तेव्हा जिवंत कोळंबी लावायचो. जिताडा म्हणजे खवय्या. तो प्लॅस्टिक कशाला खाईल?"

"खात नाही बाबा, झडप घालतो."

"मग आत्तापर्यंत किती वेळा घातली?"

सलीलने पेटी बंद केली. दोन वर्षांत त्याला वीतभर, हातभर अशा भेटक्या लागल्या होत्या. पण तलावावरच्या शेडमध्ये एक फळा होता, त्यावर दोन फुटांपेक्षा मोठा मासा पकडणाऱ्यांची नावं लिहीत, आणि त्या फळ्यावर त्याचं नाव नव्हतं. हे नूपुरने वडिलांना सांगितलेलं दिसत होतं.

सकाळी बालीगंजहून बजबज लोकल पकडली. गाडीत शरच्चंद्रांनी समोरच्या तिघांना जावई काय करतो, रॉडचे दोन तुकडे कसे होतात आणि अलिबागला जिताड्याचं कालवण कसं करतात, हे सगळं मोडक्या हिंदीत सांगितलं. त्यातल्या एकाने मोहरी वाटून घालायचा सल्ला दिला. त्यावरून जी चर्चा सुरू झाली ती बजबज आलं तरी संपेना. उतरून टोटोत, म्हणजे बॅटरीच्या रिक्षात, बसल्यावर सलीलने मुद्दाम डोळे मिटून घेतले.

"झोप लागली का?" शरच्चंद्रांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ड्रायव्हरकडे वळले.

तलावाची व्यवस्था मजुमदार नावाचे एक उंच, मितभाषी गृहस्थ बघत. त्यांनी फाटकाशीच पाहुण्यांना नियम सांगितले. आमिष फक्त नकली. गळाचे उलटे काटे पकडीने दाबून सपाट केलेले हवेत. आणि पकडलेला प्रत्येक मासा परत पाण्यात.

शरच्चंद्रांना वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. "परत म्हणजे?"

"परत म्हणजे सोडून द्यायचा," सलील म्हणाला.

"जिताडा सोडायचा?" शरच्चंद्र म्हणाले. "आणि मग घरी काय न्यायचं?"

"काही नाही."

"इतक्या लांब येऊन?"

सलील बांधावरून चालायला लागला. मार्चचं ऊन चढत होतं. पाणी चहाच्या रंगाचं होतं, म्हणून त्याने सोनेरी मासा बांधला. दोरीच्या टोकाला हातभर लांबीचा जाड दोरा, म्हणजे लीडर, होताच, कारण भेटकीच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते आणि साधी दोरी ती एका झटक्यात कापते. बांबूच्या खुंटांशेजारी त्याने पहिली फेक केली आणि सावकाश ओढू लागला: रिळाचे दोन वेढे, थांबायचं, हलका झटका, पुन्हा दोन वेढे.

"जरा जोरात ओढा, पळून जाईल तो," शरच्चंद्र म्हणाले.

"हळूच ओढायचं असतं."

"मग मधेच थांबलात का?"

"थांबल्यावरच घेते ती."

"कोण?"

"भेटकी, बाबा."

पाच मिनिटं शांततेत गेली. मग त्यांना पलीकडच्या बांधावर रबरी बेडूक फेकणारा माणूस दिसला आणि आपण बेडूक का लावत नाही, हा प्रश्न आला. मग सावली कुठे आहे, चहा मिळतो का, ह्या तलावात पाणी कुठून येतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सलीलने जरा उत्साहाने दिलं. हुगळीला भरती आली की कोपऱ्यातली झडप उघडतात. वाहत्या पाण्याबरोबर बारकी मासळी आत येते आणि मोठ्या भेटक्या त्या तोंडाशी येऊन दबा धरतात. तो अर्धा तास सोन्यासारखा.

"मग आपण तिकडेच बसू की," शरच्चंद्र म्हणाले, आणि पिशवी उचलून चालूही लागले. सलील मुकाट्याने मागे गेला. तिथे आधीच कुणी बसू नये म्हणून तो दर रविवारी पहाटे निघायचा. आज सासऱ्यांना दुसरा चहा हवा होता म्हणून उशीर झाला होता. नशिबाने जागा मोकळी होती.

दुपारपर्यंत त्याने चार वेळा आमिष बदललं. दर वेळी शरच्चंद्र म्हणायचे, "हा जरा बरा दिसतोय," आणि दर वेळी काहीच लागायचं नाही. शेवटी त्याने पुन्हा सोनेरी बांधला. जेवण शेडमधून आलं: भात, डाळ आणि लहान कोळंबीची भाजी. जेवण चालू असतानाच डेपोतून फोन आला. झडपेशी नेटवर्क नव्हतं, म्हणून सलील रॉड झाडाला टेकवून फाटकापर्यंत गेला. एका टँकरची कागदपत्रं अडली होती. तो रविवारी दुपारी टँकरवर बोलत असताना मागून झडप उघडल्याची करकर ऐकू आली.

तो धावतच आला. पाण्याला फेस आला होता, बारकी मासळी उड्या मारत होती. त्याने रॉड उचलला आणि बघत न बसता आमिष थेट प्रवाहाच्या कडेला फेकलं. दोन वेढे. थांबला. एक झटका.

पाण्याखाली दार आपटल्यासारखा दणका बसला आणि रॉड वाकला.

रिळातून दोरी किंचाळत सुटली. मासा उसळला, पाण्याबाहेर पूर्ण आला, कल्ले फाकवून डोकं झटकू लागला. सलीलने रॉडचं टोक पाण्याला लागेपर्यंत खाली नेलं, म्हणजे मासा पुन्हा उसळायचा नाही. एकदा मासा खुंटांकडे वळला तेव्हा सलीलने रॉड आडवा धरून त्याला वळवलं. शरच्चंद्र शेजारी जाळं धरून उभे होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच एक शब्द बोलत नव्हते. मासा थकून कडेला आला तेव्हा त्यांनी जाळं अलगद त्याच्या डोक्याखाली सरकवलं.

"आहे," ते हळूच म्हणाले. "चांगला दोन फुटांच्या वर आहे."

मासा ओल्या चटईवर ठेवून सलीलने गळ काढायला घेतला. पोटाखालचा गळ जबड्याच्या कोपऱ्यात रुतला होता. शेपटीचा गळ मोकळा लोंबत होता, आणि त्याच्यावर शरच्चंद्रांच्या खांद्यावरच्या गमछ्याच्या कडेच्या लाल दोऱ्याने करकचून बांधलेला कोळंबीचा तुकडा होता.

त्याने वर बघितलं. शरच्चंद्र कौतुकाने माशाकडे बघत होते.

मजुमदार फीत घेऊन बांधावरून येत होते. सलीलने काही ठरवलं नाही; त्याचा अंगठा आपोआपच त्या तुकड्यावर गेला. मजुमदारांनी फीत लावली, मान डोलावली आणि त्यांच्या चेहऱ्यावर सलीलने कधी न पाहिलेलं हसू आलं. "बहोत अच्छा, सलीलबाबू. आज आपका नाम लगेगा."

"अच्छा तो होगाही," शरच्चंद्र म्हणाले. "हमने पीछे थोडा झिंगा लगाया था. ये प्लॅस्टिक को वास नहीं ना."

मजुमदारांनी शरच्चंद्रांकडे बघितलं. मग नकली माशाकडे. मग सलीलच्या अंगठ्याकडे, आणि तिथे त्यांची नजर जरा जास्तच वेळ राहिली. सलीलने अंगठा काढला.

"लेकिन लगा तो आगेवाला हुक है," तो म्हणाला. आपला आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "मछली ल्यूर पे आयी."

"वो मछली जाने," मजुमदार म्हणाले. "पहले इसको छोड़िए."

मासा पाण्यात सोडला. शेपटीचा एक फटकारा मारून तो गढूळात गेला. मजुमदारांनी आवाज न चढवता सांगितलं की फळ्यावर नाव लागणार नाही आणि पावसाळा संपेपर्यंत सलीलने इकडे येऊ नये. इतर लोक माना वळवून बघत होते.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली नाही. दारापाशी उभं राहून सलीलने जे दिवसभर गिळलं होतं ते सगळं बाहेर काढलं.

"तुम्हाला नियम सांगितला होता ना? तुमच्यासमोर सांगितला होता. दोन वर्षं मी तिथे जातोय. माझी तिथे काही पत आहे. होती. तुम्हाला कोणी सांगितलं होतं माझ्या रॉडला हात लावायला?"

शरच्चंद्र दाराबाहेर बघत राहिले. "नूपुर म्हणाली, दर रविवारी चेहरा पाडून येतात. म्हटलं, एकदा हसत घरी यावेत. नियम मासे वाचावेत म्हणून असेल असं वाटलं. एवढ्याशा तुकड्याने काय होतंय."

"मग सांगायचं कशाला? निदान गप्प राहायचं होतं."

"लपवायचं असतं तर लावलाच नसता," शरच्चंद्र म्हणाले. मग खालच्या आवाजात, "तुम्ही मात्र लपवलात."

सलीलला राग आला होता, आणि तो कोणाचा हेही नीट कळत नव्हतं, हा वेगळाच ताप. बालीगंज येईपर्यंत दोघं दोन दिशांना बघत उभे होते.

घरी नूपुरने दार उघडलं. "काही लागलं?"

"मोठा लागला," शरच्चंद्र म्हणाले. "सलीलरावांनी सोडला. झकास खेळवला त्यांनी." आणि पुढे काहीही न सांगता हातपाय धुवायला गेले. म्हणजे ह्या माणसाला गप्प बसता येत होतं. सलीलने जेवताना नूपुरला सगळं सांगितलं, अंगठ्यासकट. ती हसली नाही. "मजुमदारांना फोन कर," एवढंच म्हणाली.

त्याने सोमवारी ऑफिसमधून फोन केला. माफी मागितली. मजुमदारांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की बंदी आहे ती आहे, पावसाळ्यानंतर या.

संध्याकाळी शरच्चंद्र त्याच्या ऑफिसच्या दाराशी उभे होते. एकटेच मेट्रोने आले होते. "एस्प्लनेडला गळांची दुकानं आहेत म्हणे. मला एक घ्यायचाय. तसला, बिनवासाचा."

"कशाला? अलिबागला तुमची कोळंबी आहे की."

"बघतो तरी. येतो का त्यावर."

दुकानात त्यांनी दुकानदाराचा जीव मेटाकुटीला आणला. सलीलने खाडीसाठी एक बुडणारा, गडद हिरवा मासा काढून दिला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि लाल-पिवळा, हातभर लांब, देवमाशालाही घास होईल असा एक उचलला.

"बाबा, हा समुद्रात बोटीमागे ओढायचा असतो. खाडीतला जिताडा ह्याला बघून पळेल."

"रंग चांगला आहे."

"रंगाचा प्रश्न नाही."

"परवा तुम्ही म्हणालात रंगाचाच असतो."

सलीलने हात टेकले. दुकानदार तो लाल-पिवळा राक्षस कागदात गुंडाळत असताना त्याने हिरवाही त्याच्या पुढ्यात सरकवला. बाहेर पडल्यावर शरच्चंद्रांना पुडी मेट्रोपर्यंतही बंद ठेववली नाही. जिन्याच्या तोंडाशीच त्यांनी कागद सोडला, मासा उजेडात धरायला हात उंचावला आणि त्याचा तिहेरी गळ सलीलच्या शर्टाच्या बाहीत घट्ट रुतला. ऑफिसातून सुटलेली गर्दी दोन्ही बाजूंनी धक्के देत खाली उतरत होती.

"हलू नका," शरच्चंद्र चष्मा नाकावर सरकवत म्हणाले. "मी काढतो. हलू नका म्हणतो ना."

सलील हात पुढे धरून, दात आवळून, भर गर्दीत उभा राहिला.