दोलिनात घर आलं तो दिवस

आमचं दोलिना नकाशात सापडत नाही, म्हणून कुणी हळहळू नये. कॅनडातल्या सस्कॅटूनहून पूर्वेला दोन तास गाडी हाकायची. सरळ रस्ता जिथे उगाचच वळतो, तिथे आम्ही. ते वळण स्टेशनसाठी होतं. रूळ उपटून नेले, वळण राहिलं.

एके काळी इथे तीनशे माणसं होती. आता अकरा, तीही मला धरून, आणि मी अठ्ठ्याहत्तरची! लोक गेले ते गेले, घरंही घेऊन गेले. आमच्याकडे रीतच आहे ती: घर लोखंडी तुळयांवर उचलायचं, ट्रकला जोडायचं आणि चालू पडायचं. पेट्रिशिनांचं तळ्याकाठी गेलं, स्टेशनमास्तरचं कुणाच्या तरी कोंबड्यांना. तीस वर्षं मी खिडकीतून घरं जाताना बघितली. येताना एकही नाही.

म्हणून मारिवीकचं घर येणार त्या दिवशी मी सकाळी सातलाच रस्त्यावर. मारिवीक फिलिपीन्सची. शेजारच्या गावातल्या वृद्धाश्रमात कामाला, नवरा रोदेल डुकरांच्या फार्मवर, दोन मुली. एका शेतकऱ्याने जुनं घर ‘घेऊन जा’ म्हटलं, आम्ही गावाच्या हॉलच्या पलीकडची जागा दिली. परवाना मात्र एकाच दिवसाचा, आणि विजेच्या तारा उचलून धरणारी माणसं तीन वाजेपर्यंतच. घर पोचलं नाही, तर वाहून नेणारा क्लासेन ते आपल्या आवारात ठेवणार, मग हिवाळा, म्हणजे बर्फ वितळेपर्यंत ते हलणार नाही. “तसं झालं तर आम्ही शहरातच जाऊन राहू, आजी,” मारिवीक म्हणाली होती. “मुलींना किती शाळा बदलायला लावू?” हे सांगताना रडली बिचारी.

आणि दीड वाजता घर वळणावर अडलं. हॉलच्या पडवीला त्याचं छप्पर भिडलं.

वळण मापलं होतं आमच्या प्रोकोपने. एक्याऐंशीचा आहे, पण दुसऱ्या कुणाला फीत हातात धरू देईल तर शपथ.

“मेल्या, वळचण धरली होतीस का मापात?” मी ओरडले.

त्याचं तोंड एवढंसं झालं. “भिंती मापल्या मी. वळचण... राहिली.”

क्लासेन खाली उतरला. “दोन फूट कमी पडतंय. घराचा कोपरा कापतो, नंतर पत्रा ठोका.”

“कापा,” मारिवीक म्हणाली. “चालेल आम्हाला. चालेल ना, रोदेल?” रोदेलने मान हलवली, पण बघितलं भलतीकडेच.

“घराला हात लावायचा नाही!” प्रोकोप एकदम गरजला. “येणाऱ्याचं घर कापतात होय? पडवी कापू.”

ती पडवी त्याने आणि त्याच्या भावाने, इलियाने, बांधलेली. पुढच्याच हिवाळ्यात इलिया वारला. दर उन्हाळ्यात प्रोकोप तिला रंग देतो आणि वाळेपर्यंत खुर्ची टाकून राखण करत बसतो.

“आजोबा, नको,” मारिवीक म्हणाली. “कोपऱ्याचं काय एवढं!”

“तू गप गं पोरी.” त्याने गाडीतून करवत काढली.

“प्रोकोप,” मी हळूच म्हटलं, “इलियाच्या हातची आहे ती.”

“ठाऊक आहे. म्हणून तर मीच कापणार. तू बाजूला हो, नेट्टी, आणि घटकाभर तोंड मिटून ठेव. जमेल?”

जमवलं. करवत चालली, खांब एकेक आडवे झाले. म्हातारा रडत होता, भुसा गालांना चिकटत होता, पण हात थांबला नाही. रोदेल फळ्या ओढत होता. अडीचला क्लासेनने ट्रक सुरू केला. चार बोटं अंतर राखून घर हॉलवरून पुढे गेलं, आणि आम्ही सगळे वेड्यासारखे ओरडलो.

तीनच्या आत ते जागेवर होतं. अजून तुळयांवरच, ना पायरी ना पाणी. मारिवीकने दाराला शिडी लावून घेतली. “वर या सगळे,” म्हणाली. “आजोबा, आधी तुम्ही.”

प्रोकोप चढला. मागून मी, कुरकुरत. बरोबर आणलेला भात आणि कोंबडी तिने कागदी ताटल्यांत वाढली. अकरा आम्ही, चार ते, शिवाय क्लासेन आणि तारांवरची माणसं. कोपर हलवायला जागा नव्हती. दोलिनात कुणाच्या घरी गेले आणि गर्दीमुळे उभं राहून जेवावं लागलं, असं मला आठवतच नाही. माझे पाय भयंकर दुखत होते. कुणी खुर्ची देऊ केली, तर मी नको म्हटलं.