खोकल्यासकट बाबा

व्हिडिओ संकलकाचं काम म्हणजे लोकांच्या बोलण्यातलं अडखळणं काढून त्यांना शहाणं करून सोडणं. पण या खेपेला त्याची गिऱ्हाईक होती सख्खी थोरली बहीण, आणि पडद्यावर होते दोघांचे गेलेले बाबा. आठवडाभर ताई शेजारी खुर्ची टाकून बसली होती. "खोकतात ते काढ रे." काढलं. "इथे नाव विसरतात, बरं नाही दिसत." काढलं. "माझ्यावर डाफरतात ते तर आधी काढ!" तेही काढलं. तो पार पिचून गेला होता.

आज सगळं जोडून दाखवलं, तर बाईसाहेबांचा चेहरा पडला.

"हे बाबा वाटतच नाहीत. कुणीतरी भाषण ठोकतंय. पहिलं होतं तेच लाव."

पण पहिलं उरलं होतंच कुठे? रोजची प्रत वेगळ्या नावानं ठेवा, असं तो सगळ्यांना बजावायचा आणि स्वतः एकाच फाइलवर सेव्ह मारत आला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मूळ चित्रण शाबूत होतं, पण पुन्हा सगळं जुळवायचं त्राण अंगात नव्हतं. नशीब एवढंच, की कंटाळ्यापोटी त्यानं सॉफ्टवेअर आठवडाभर बंदच केलं नव्हतं. केलं असतं तर मागे जायची वाटच मिटली असती.

एकेक बदल मागे घेणारं अनडू तो दाबत राहिला. बाबा परत डाफरले, "चहा गार करून कुणासाठी ठेवलायस गं?" ताई हसली. बाबा परत नाव विसरले, परत खोकले. ताईनं डोळे पुसले. तिनं पाहिलेलं पहिलं रूप आलं, पण त्याचं दमलेलं बोट आणखी एकदा दाबलं गेलं.

बाबा थेट कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "किती वेळ उभा राहशील रे? दमलास. ये, बस जरा माझ्याजवळ."

मागून त्याचाच आवाज आला, "बाबा, इकडे बघू नका हो. परत घेऊ."

"हे कधी बोलले?" ताईनं विचारलं.

"कॅमेऱ्यामागचा आवाज ठेवत नसतात. तुला दाखवायच्या आधीच काढला होता."

सवयीनं त्याचा हात पुन्हा कापायच्या बटणाकडे गेला. ताईनं मनगट धरलं.

"खबरदार! आधी सेव्ह कर."

"कुठल्या नावानं?"

"कुठल्याही. आणि लगेच उठू नकोस."

त्यानं नवं नाव टाकलं, सेव्ह केलं, आणि हात मांडीवर ठेवून बाबांसमोर नुसता बसून राहिला.