रांगोळीतलं इंजिन

हरिश्चंद्र सुर्व्याला ज्या इंजिनाच्या धडधडीवर उभा जन्म गाढ झोप लागली, ते आता धक्क्यावर गोणपाटाखाली पडून होतं. ते ज्या लाँचवर होतं ती कुजली म्हणून मालक केरूशेटने मोडीत काढली होती, आणि इंजिनही भंगारात जायचं होतं. हरिश्चंद्राचा जीव तुटत होता. इंजिन चालवणारा म्हातारा तो, इंजिनाशिवाय करणार काय?

त्याच सुमारास पेठकिल्ल्यातल्या दमयंतीच्या गोठ्यात एक मोटार निजून होती. शर्यतीची, लांब नाकाची, दोनच माणसांची. भाऊ आफ्रिकेला जाताना ती बहिणीच्या गळ्यात मारून गेला होता, तीही इंजिनाला चीर गेलेली. दमयंती मुलींच्या शाळेत शिकवी आणि स्वतः मुलींहून जास्त प्रश्न विचारी. हरिश्चंद्राचं दुःख कळताच तिचा पहिला प्रश्न आला, "मामा, लाँचचं इंजिन मोटारीत बसेल?"

"बसवला तर बसंल. जोर दुप्पट हाय त्याचा."

दोघांनी इंजिन मागितलं तेव्हा केरूशेट पोट धरून हसला. मग म्हणाला, "गाडी आपल्या जोरावर भगवतीच्या देवळापर्यंत चढली तर इंजिन तुझं. नायतर भंगारात."

दमयंतीने गोठा सारवून घेतला आणि जमिनीवर रांगोळीने अख्खी गाडी काढली, जेवढ्यास तेवढी. त्यात इंजिन काढायचं, पुसायचं, मागे सरकवायचं. पुढे ठेवलं तर वजनाने नाक जमिनीला लागेल, मागे घेतलं तर पाय कुठे ठेवायचे? लाँचवर हे इंजिन दर्याचं पाणी प्यायचं; इथे काय पिणार? तांबटाकडून न्हाणीतल्या घंगाळाची टाकी करून घ्यायचं ठरलं. हरिश्चंद्राला तहानभूक सुचेना.

"आणि फिरतं कुठल्या बाजूला?" तिने विचारलं.

"उजवीकडं."

दमयंतीने गाडीच्या नाकाशी उभं राहून जुन्या इंजिनाचं हँडल फिरवून पाहिलं. तेही उजवीकडे. तिने रांगोळीत ऐटदार बाण काढला आणि दोघांनी चहा घेतला.

इंजिन बसलं. लाँचवर ते साखळी ओढून सुरू होई. गाडीत साखळीला जागा नव्हती, म्हणून उतारावर ढकलून सुरू करायचं ठरलं. हरिश्चंद्राने नारळ फोडला. दमयंती स्टिअरिंगच्या चाकाशी बसली, वाडीतल्या गड्यांनी ढकललं. इंजिन शिंकलं, मागून काळा धूर आला आणि पुढे काही नाही. पुन्हा ढकललं, पुन्हा तेच. उतार संपला.

"नारळ तेवढा कामी आला, चटणी करा," केरूशेट म्हणाला.

हरिश्चंद्राला वाटलं, आपणच इंजिनाला मारलं. त्याने मान खाली घातली आणि गाडी देवळाच्याच वाटेवरल्या घरी न्यायला गड्यांबरोबर खांदा लावला. गाडी उलटी, शेपटीकडून चढावर ढकलली जाऊ लागली. अर्ध्या वाटेत दमयंतीचा दमलेला पाय क्लचवरून निसटला.

धड. धड. धडधडधड.

इंजिन जागं झालं, आणि गाडी शेपूट पुढे करून चढणीला सुसाट निघाली!

"मामा, ही उलटी चाललीय!"

"थांबवू नको!" हरिश्चंद्र ओरडला आणि उडी मारून शेजारी पडला. झाकण काढलेल्या नाकात इंजिन नाचत होतं. लाँचवर तो इंजिनामागे सुकाणूपाशी बसे. इथेही तो इंजिनामागेच होता, आणि समोर ते उजवीकडेच फिरत होतं. त्याने कपाळावर हात मारला. "बाय, मी मागून बघितला, तू फुडून बघितलंस! एकच चाक, पण दोगांच्या उजव्या येगळ्या, म्हनून गाडी उलटी पळते!"

"मग आता?"

"आता मान वळव नि देऊळ बघ!"

तिने मान वळवली. कोंबड्या उडाल्या, जांभ्याच्या गडग्याला मडगार्ड घासलं, देवळातला गुरव दीपमाळेमागे लपला. दमयंतीने क्लच दाबला आणि गाडी शेपटीकडून भगवतीच्या पायरीला टेकली.

केरूशेट धापा टाकत वर आला. "उलटी आली! ही काय चढायची रीत?"

"देवळापर्यंत म्हणाला व्हतास," हरिश्चंद्र म्हणाला. "तोंड कुठं ते नाय म्हणाला व्हतास."

केरूशेटने पायरीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि हसून हात झटकला. "ने बाबा. तुझंच."

दमयंतीच्या डोक्यात नवा प्रश्न तयार होता: मागच्या आसाची पेटीच उलटी बसवली तर गाडी सरळ धावेल? तिने विचारायला वळून पाहिलं. सीटवर मान टाकून, त्या धडधडीत, हरिश्चंद्र झोपला होता. तिने प्रश्न पोटात ठेवला आणि इंजिन तसंच चालू राहू दिलं.