चोरखिसा

टेलरबाईंनी शिवलेला चोरखिसा पाकीटमाराच्या बापालाही सापडत नसे. कोटाचं कापड आणि अस्तर यांच्या मधोमध, शिवणीत लपवलेलं त्याचं तोंड. दोन बोटं नेमकी कुठे घालायची ते ज्याचं त्याला ठाऊक, नाहीतर बाईंना. फोनचोऱ्या वाढल्यापासून निम्मं दुकान त्या खिशावरच चाललं होतं. कोणाचा खिसा कुठे, याची नावपत्त्यासकट यादी बाईंच्या फोनमध्ये होती आणि दुसरीकडे कुठेही नव्हती. "चार ठिकाणी ठेवलं की पाचव्याला कळतं," असं त्यांचे यजमान म्हणायचे.

यजमानांना जाऊन आठ महिने झाले होते. मापं घेणं आणि बेतणं त्यांचं, शिवण बाईंची, असा तीस वर्षांचा संसार. शेवटच्या वर्षी त्यांचा हात इतका थरथरायला लागला, की वहीतला आकडा एक आहे की नऊ तेच कळेना. मग ते मापं बाईंच्या फोनमध्ये बोलून ठेवू लागले. "छाती बेचाळीस. बाही पंचवीस. डावा खांदा उतरता आहे, पण गिऱ्हाइकाला सांगू नकोस." अशी दीडेकशे मापं. त्यात प्रेमाचा एक शब्द शोधून सापडला नसता. तरी बाई मशीनवर बसल्या की तीच लावून ठेवत, कपडे केव्हाच शिवून गेलेल्यांचीसुद्धा. धाकट्या दिराने एकदा ते ऐकलं आणि तो म्हणाला, "वहिनी, किती दिवस असं?" त्यानंतर बाई दिरासमोर ती लावेनाशा झाल्या.

त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता बसथांब्यावर एका घाईच्या माणसाचा त्यांना धक्का लागला. सवयीने हात पिशवीच्या आतल्या चोरखिशात गेला. खिसा रिकामा. त्यांनी पिशवी पदपथावर उलटी केली. डबा, चष्मा, मोजपट्टी, दोरा, सगळं होतं, फोन तेवढा नव्हता. जगाला चोरखिसे शिवून देणाऱ्या बाईंचाच खिसा कापला गेला, हे कोणाला सांगायचीही सोय नव्हती. धक्का देणारा माणूस तर केव्हाच पसार झाला होता.

बाई तशाच दिराच्या घरी गेल्या. त्याचा स्वतःचा फोन गेल्या वर्षी चोरीला गेला होता, तेव्हापासून तो ताकही फुंकून पीत असे. वहिनींच्या फोनला शोधायची, कुलूप लावायची, पुसून टाकायची सगळी सोय त्यानेच करून दिली होती. त्याने लॅपटॉप उघडला.

"फोन बंद आहे. चोर पहिलं तेच करतात. वहिनी, पुसून टाकू या."

"जरा थांबा ना, भाऊजी."

"थांबून काय होणार? तुमचं ते कुलूप म्हणजे चार आकडे. काय आहे त्यात एवढं?"

बाईंच्या ओठांवर खरं उत्तर आलं होतं, पण त्या म्हणाल्या, "मापं आहेत."

"मापं पुन्हा घेता येतील. ती खिशांची यादी चोराच्या हातात पडली तर?"

यादीत दीडशे माणसं होती. कोणी औषधांच्या पेढीतली, कोणी रात्रपाळीच्या नर्सा, आणि सगळ्यांनी बाईंच्या शब्दावर विसंबून आपला खिसा शिवून घेतला होता. तो शब्द दुकानाचा होता आणि दुकान यजमानांचं होतं. ते असते तर क्षणभरही थांबले नसते, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचाच त्यांना राग आला.

"आधीच सांगतो," दीर म्हणाला, "एकदा दाबलं की मागे घेता येत नाही. फोन बंद आहे तोवर काही होणार नाही. चालू झाला, नेट मिळालं, की सगळं साफ."

"सरका," बाई म्हणाल्या. "मीच दाबते."

दाबलं. काहीच झालं नाही. 'प्रतीक्षेत' एवढी अक्षरं तिथे आली. दिराने चहा विचारला, तो नको म्हणून बाई बाहेर पडल्या आणि दुकानाकडे चालू लागल्या. मशीनखाली एकदा बघावं, एवढंच मनात होतं. मशीनखाली चिंध्या होत्या. कमरेवर हात ठेवून त्या सरळ झाल्या तर समोर खिडकीजवळचा रिकामा हँगर दिसला.

चोरखिसा शिवून झाला की बाई त्यात स्वतःचा फोन घालून कोट हँगरला टांगत आणि पंधरा मिनिटं लांबून बघत. कापड कुठे ओढलं, कुठे फुगवटा आला, की उसवून पुन्हा शिवायचं. आज दाताच्या डॉक्टरांचा कोट असाच टांगला होता. डॉक्टर तासभर आधीच आले. बाईंनी घाईने कोट उतरवला, घडी घातली, हातात दिला. काम इतकं चोख, की आत फोन असूनही कापड रेषभर ओढलं नव्हतं. काखेत कळसा म्हणावा, तर कळसा आता दुसऱ्याच्या काखेत होता.

गिऱ्हाइकांचे नंबर सगळे फोनमध्ये. पण बिलबुकात डॉक्टरांचा पत्ता होता, दहा मिनिटांच्या अंतरावरचा. बाई दुकान उघडं टाकून निघाल्या, हे त्यांच्या हातून तीस वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. म्हाताऱ्या फोनची बॅटरी दुपारनंतर मान टाकायची; त्या रडक्या बॅटरीचे त्यांनी वाटेत दहादा आभार मानले. बंद आहे तोवर काही होत नाही. नुसता हातात घ्यायचा. चालू करायचा नाही. आधी सिमकार्ड काढायचं, मग कोणालातरी विचारायचं, आवाज कसे उतरवून घ्यायचे ते. दिरालाच विचारायचं, आणि काय आहे तेही सांगून टाकायचं, लाज कसली. गुडघा दुखत होता. दुसऱ्या मजल्याचा जिना त्यांनी कठडा धरून गाठला.

डॉक्टरांनीच दार उघडलं. नवा कोट अंगातच होता.

"या, या. तुमचीच वाट बघत होतो. आरशासमोर खिशात हात घातला तर आत फोन. म्हटलं, हा तुमचाच असणार."

"कुठे आहे?"

"बंद होता हो. घरचं कोणी काळजीने फोन करत असेल, म्हणून चार्जिंगला लावून चालू केला."

फोन टेबलावर होता, उजळलेला. पांढऱ्या पडद्यावर तो अदबीने विचारत होता, की आपली भाषा कोणती.

"मघाशी आपोआप बंद होऊन पुन्हा चालू झाला," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "माझ्याकडून काही बिघडलं नाही ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडून काही नाही."

त्यांनी वायर काढली. फोन हलका झाल्यासारखा वाटला, तसं काही नसतं हे कळत असूनही. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात, इथे तर चोर नव्हताच. परक्याच्या घरी रडायचं नाही म्हणून त्या कोटाकडे बघू लागल्या. खांद्याला सुरकुती नव्हती.

"यजमानांचं कळलं," डॉक्टर म्हणाले. "कोट मात्र अगदी त्यांच्या हातचा वाटतो."

"माप त्यांचंच आहे. गेल्या वर्षी बोलून ठेवलं होतं."

"ते माप मी विसरतोय होय? मी पोट आत घेऊन उभा." डॉक्टरांनी हनुवटी खाली घेतली, आवाज नाकात नेला आणि शब्द लांबवत म्हणाले, "डॉक्टर, श्वास सोडा. पट्टीला फसवाल, बटणांना कसं फसवणार?"

बाई खुर्ची ओढून बसल्या. कोरा फोन त्यांनी मांडीवर पालथा ठेवला.

"पुन्हा म्हणा," त्या म्हणाल्या. "आणि 'डॉक्टर' म्हटल्यावर थोडं थांबा. ते थांबायचे."